पावलाला लावलेली पट्टी

बा, गेल्या सोमवारी मी तुझं काम केलं. चपला बांधावर, धुऱ्यावर काढून ठेवल्या, पदर कमरेला खोचला आणि तीस-चाळीस माणसं बघत असताना एका वांग्याच्या वावरात वाकून माग काढला. तू असतास तर आधी माझ्या वाकण्यालाच नावं ठेवली असतीस. तू कधी वाकायचा नाहीस, उकिडवा बसायचास, गुडघ्यांवर कोपरं टेकवून, मान जरा तिरपी करून, म्हणजे तुझी सावली पावलावर पडायची नाही. माझ्या गुडघ्यांना आता ते झेपत नाही. बावन्न वर्षांची झाले मी. तू गेलास तेव्हा माझ्या डोक्यात एक पांढरा केस नव्हता, आता काळा शोधावा लागतो. पण डोळा अजून तुझाच आहे, हे सोमवारी कळलं.

तुला वाचता येत नव्हतं, तरी लिहिते आहे. आपल्या घरातली बोली मी कधी कागदावर उतरवली नाही, ती लिहायची कशी हेच कुणी शिकवलं नाही. शाळा मराठी होती, बाजारात तू मराठीच बोलायचास, म्हणून तुझी वाक्यं इथं गावच्या मराठीत येतील. चालवून घे. तुझा आवाज मला त्यातही ऐकू येतो.

तुझं काम म्हणजे हरवलेली जनावरं शोधणं. कुणाचा गोऱ्हा सुटला, कुणाची म्हैस दुसऱ्या गावात गेली, की माणूस बेड्यावर, आपल्या पारध्यांच्या वस्तीवर यायचा. दिवसा यायचा आणि गोड बोलायचा. तू काठी घेऊन निघायचास, शाळेला सुट्टी असली की मी मागं मागं. खुराची कड कुठं तुटली आहे, शेणाला पापुद्रा किती आला आहे, वाकलेलं गवत पुन्हा उठायला किती वेळ लागतो, हे सगळं तू मला बोलून शिकवलं नाहीस. तू नुसता थांबायचास आणि मी ओळखीपर्यंत थांबलेला राहायचास. मला आज वर्गात पोरांपुढं गप्प उभं राहता येतं ते त्यामुळंच. उत्तर सांगायची घाई मी करत नाही.

आणि तुझा एक नियम होता. माग गावाच्या शिवेपर्यंत न्यायचा आणि तिथं थांबायचं. पुढं त्या गावानं बघायचं. जुन्या काळापासून तसंच चालत आलं होतं म्हणे. लहानपणी मला याचा भारी राग यायचा. एवढं सगळं ओळखायचं आणि ऐन वेळी थांबायचं, हे काय?

बाकीचे नियम घरातले होते. बाजारात पळायचं नाही. इचोड्याच्या बाजारात ट्रक अंगावर आला तरी झपाझप चालायचं, पण पळायचं नाही, कारण पळणारा पारधी दिसला की मागं चार जण पळतात. दुकानात हात पुढं ठेवायचे. गाठोडं डोक्यावर उघडं न्यायचं. कुणाच्या वावराजवळून जाताना खाकरायचं, म्हणजे माणूस येतो आहे हे लांबून कळावं. ठाण्यात नवा साहेब आला की तू आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून तोंड दाखवायला जायचास. पारध्यांना ठाण्यात लावावी लागायची त्या हजेरीची वही सरकारनं कधीच बंद केली होती, हे मी पुढं पुस्तकात वाचलं. तुला ते कुणी सांगितलं नव्हतं, आणि ठाण्यातल्यांनी तर मुळीच नाही. आजोबांच्या वेळी पैनगंगा ओलांडून आपण इकडे, तेलुगू मुलखात आलो, त्यामुळं तहसीलच्या यादीत आपली जात कधी सापडली नाही. मी दाखल्यासाठी तीन वेळा गेले, तिथला बाबू तेलुगूत म्हणाला, असं नावच नाही आमच्याकडे. ठाण्याच्या यादीत मात्र बोट ठेवलं की आपलं नाव.

शाळेतही तेच होतं. कुणाची कंपासपेटी हरवली की आधी माझं दप्तर. चौथीत असताना मी एक युक्ती काढली. कुणी काही हरवलं म्हणून रडायला लागलं की मी न सांगता उठायचे आणि आपलं दप्तर गुरुजींच्या टेबलावर रिकामं करायचे. गुरुजींना ते फार आवडायचं. किती शहाणी पोरगी, म्हणायचे. मलाही त्याचा अभिमान वाटायचा, खोटं कशाला सांगू? नऊ वर्षांची पोरगी स्वतःची झडती स्वतः देते यात शहाणपण कसलं, हे कळायला मला शिक्षक व्हावं लागलं.

त्याच वर्षी तू मला फूटपट्टी आणून दिलीस. इचोड्याच्या बाजारातून, पिवळी, लाकडी, कडेला पत्र्याची बारीक पट्टी बसवलेली. तू स्वतः वीत आणि बोटं लावून मोजायचास, आणि तुझी वीत आईच्या वितीहून मोठी होती. मी तुझं पाऊल मोजून दाखवलं, मग तू माझ्या हातून पट्टी घेऊन ते पुन्हा मोजलंस, मग आईला मोजायला लावलंस. तिघांचं माप एकच आलं. तू कितीतरी वेळ पट्टी उलटीसुलटी करून बघत होतास.

"म्हंजे कोनाच्याबी हातात हे सारखंच बोलते?" तू विचारलंस.

"हो," मी म्हणाले.

"ठाण्यातल्या जमादाराच्याबी?"

आई चुलीपुढून हसली. मीही हसले. तू हसला नाहीस, हे मला अजून दिसतं. ती पट्टी माझ्याकडे आहे. तिच्यावरचे आकडे पुसट झाले, पत्रा एका टोकाला उचकटला आहे, पण शाळेत गणित शिकवताना मी तीच वापरते. धाकट्याला, माझ्या पाठच्या भावाला, मी तिच्यावरच आकडे शिकवले आणि मग अक्षरंही. तो भराभर शिकला. तुला वाटायचं तो माझ्यापेक्षा हुशार निघेल, आणि निघालाही असता, पण त्याला शिकायचं नव्हतं, माती हवी होती.

आता त्या थपडेचं लिहिते. तू मला आयुष्यात एकदाच मारलंस. मी पाचवीत होते. पाटलाच्या विहिरीवरच्या इंजिनचं पितळी सामान चोरीला गेलं आणि जमादार तुला बोलवायला आला. आपल्याला दोन कामांसाठी बोलवायचे. सकाळी माग काढायला, आणि माग मिळाला नाही तर संध्याकाळी चोर म्हणून. त्या दिवशी रविवार होता, मी तुझ्याबरोबर आले. विहिरीच्या कडेला ओल होती आणि तिच्यात पावलं इतकी स्वच्छ होती की आंधळ्यानंही हातानं वाचावीत. डावी टाच ओढलेली, डावा अंगठा उचललेला. अशी चाल साऱ्या गावात एकाचीच होती. पाटलाचा पुतण्या, जो लहानपणी बैलगाडीवरून पडला होता. तू गप्प होतास. मला वाटलं, मी ओळखीपर्यंत तू थांबला आहेस, नेहमीसारखा. म्हणून मी मोठ्यानं सांगितलं.

थप्पड अशी बसली की माझं कानातलं उडून चिखलात पडलं. जमादारानं विचारलं, "काय म्हनते पोरगी?" तू म्हणालास, "पोट्टी हाय साहेब, काईबी बोलते." मग तू माग काढत नाल्यापर्यंत गेलास आणि काठी टेकून सांगितलंस, "इथून खडक लागला. माग तुटला." समोर खडकाचा मागमूस नव्हता. नजर पोचेल तिथवर काळी माती होती. जमादारालाही डोळे होते. तो हसला आणि तुलाच घेऊन गेला.

तीन दिवसांनी तू आलास तो भिंत धरत. आईनं मिठाची पुरचुंडी तव्यावर तापवून तुझे तळपाय शेकले. मी दाराशी बसून होते, रडत नव्हते, चिडले होते. मी विचारलं, खरं होतं ना मी बोलले ते? तू म्हणालास, "खरं होतं."

"मंग काऊन मारलं?"

तू शेकलेला पाय चाचपलास. मग म्हणालास, "त्या पोराचा पाय तिथं होता, येवढंच मातीनं सांगतलं. चोरी त्यानंच केली हे मातीनं सांगतलं नाई. आपल्याले असंच धरतात न बाई, तिथून गेला म्हनून. मी बी तेच करू काय?"

मी म्हणाले, "तू भेलास."

"भेलो बी," तू म्हणालास आणि दुसरा पाय आईपुढं केलास.

बा, हे तुझं उत्तर मी चाळीस वर्षं घेऊन फिरते आहे. त्यातला पहिला भाग मला खूप वर्षं पटला नाही, नुसता दुसराच खरा वाटायचा. भित्रा बाप. कॉलेजात, बी.एड.ला, पहिल्या नोकरीत मी मनातल्या मनात तुझ्याशी भांडत आले. तोंड उघडायचंच असं ठरवून मी मास्तरीण झाले आणि तोंड चांगलंच उघडलं. खोलीमालकानं आडनाव ऐकून खोली नाही म्हटलं तर मी त्याच्या दारात उभी राहून त्याच्या बायकोला भाड्याचे नियम समजावून सांगितले. भाची निर्मल शहरात नर्सिंग शिकते, ती हॉस्टेलात आपलं गाव कुठलं ते सांगत नाही, म्हणून तिलाही मी झापलं. मला घाबरणारे लोक आज बरेच आहेत. मला त्याचं वाईट वाटत नाही.

सोमवारी साडेदहाला दुसरा तास चालू असताना भावजयीचा फोन आला. धाकट्याला आणि बेड्यावरच्या आणखी चौघांना पोलीस घेऊन गेले होते. शेजारच्या गावात तीन विहिरींवरच्या मोटारींची केबल रातोरात गेली होती. आता त्या केबलीतल्या तांब्यासाठी चोऱ्या होतात, बा, पितळेचे दिवस गेले. वहीचेही गेले. आता पोलीस मोबाइल तोंडापुढं धरतात, फोटो काढतात, बोट टेकवायला लावतात. बेड्यावरची माणसं इचोड्याच्या स्टँडवर नुसती उभी असली तरी काढतात. आमच्यासाठी तेवढंच बदललं.

"ताई, चहा पीत होते हो ते," भावजय सांगत होती. "कप हातातच होता. कप खाली ठेवू देला नाई त्याईले."

मी हेडमास्तरांना सांगून निघाले. बसमध्ये बसले तोवर त्या गावच्या व्हॉट्सॲप गटातला एक फोटो फिरत फिरत माझ्याकडे पोचला. चिखलात उठलेलं एक अनवाणी पाऊल. रुंद, बोटं फाकलेली, करंगळी तर अगदी बाजूला गेलेली. खाली कुणीतरी लिहिलं होतं, हा बेड्यावरचाच पाय, बघितलं की कळतं. त्याच्याखाली पंधरा-वीस अंगठे. मी तो फोटो मोठा करून बघितला. तशी करंगळी तुझी होती. माझी आहे. धाकट्याची तर तुझ्यापेक्षाही बाहेर.

वावरात जायच्या आधी मी बेड्यावर गेले. धाकट्याच्या अंगणात सकाळीच सडा पडला होता. त्या ओल्या शेणमातीत त्याची पावलं दारापासून जीप उभी होती तिथपर्यंत गेलेली होती. पिशवीतून पट्टी काढली, पावलाशेजारी ठेवली आणि फोटो घेतला. साडेनऊ इंच. मग उरलेल्या चौघांच्या दारांतही तसेच फोटो घेतले आणि वावराकडे चालत गेले. पळाले नाही.

वावर एका माळी शेतकऱ्याचं होतं. संध्याकाळी त्यानं वांग्याला पाणी सोडलं होतं, त्यामुळं पाण्याच्या दांडालगत चिखल होता आणि पावलं सकाळपर्यंत टिकली होती. पंचनामा लिहायचं चाललं होतं. तरणाबांड एसआय, म्हणजे फौजदार होता, वरंगलकडचा, तेलुगू बोलणारा, मराठी समजत नसलेला. त्यानं आधी मला वाटेला लावायचा प्रयत्न केला. "टीचर मॅडम, आप इधर कायकू आए? ये पुलिस का काम है." मी त्याला तेलुगूत सांगितलं की तुम्ही नेलेल्या पाचांतला एक माझा सख्खा भाऊ आहे, आणि मी गणित शिकवते, आणि तुमच्या या फोटोत माप नाही. माप नसलेला फोटो म्हणजे नुसतं चित्र. तेलुगू ऐकून तो जरा नरमला. इथं शाळेच्या तेलुगूला ठाण्यात फार मान आहे.

मी चपला काढल्या आणि दांडात उतरले. पट्टी ठेवली. पावणेअकरा इंच. तळवा मधोमध सपाट, सगळा टेकलेला. पुढचं पाऊल, त्याच्या पुढचं, सगळी तशीच. मग मोबाइलवर धाकट्याचं पाऊल दाखवलं. सव्वा इंचानं लहान, आणि तळव्याला चांगली कमान. बाकी चौघांतही कुणाचं दहाच्या वर गेलं नव्हतं. एसआयनं फोटो खालीवर सरकवून पाहिले. "तुम्ही आधीच मापं घेऊन आलात?" त्यानं विचारलं. त्याच्या आवाजात मान होता.

पण वावरवाला ऐकेना. तो वाईट माणूस नाही, बा, त्याची तीनशे फूट केबल गेली होती आणि वांगी सुकणार होती. तो म्हणाला, "बाई, माप गिप राहू द्या. करंगळी पाहा न. अशी करंगळी बेड्यावरच्याईचीच असते."

तेव्हा मला वर्गात पोरगा चुकीचं गणित मोठ्या आत्मविश्वासानं मांडतो तेव्हा येतो तसा हुरूप आला. मी म्हणाले, "भाऊ, या इकडे. चपला काढा. ठेवा पाय इथं."

"मी काऊन ठेवू?"

"तुमचंच वावर हाय. ठेवा."

लोक हसायला लागले तसा त्यानं पाय ठेवला आणि उचलला. करंगळी बाजूला, फोटोतल्यासारखीच. जन्मभर अनवाणी चिखल तुडवलेल्या माणसाची करंगळी दुसरीकडं जाणार कुठं? मग मी माझा पाय त्याच्या शेजारी उमटवला. मग पंचनामा लिहिणाऱ्या पोलिसाला म्हटलं, तुमचं घर शेतकऱ्याचं का? तो हो म्हणाला आणि साहेबाकडे बघत बूट काढला. करंगळी बाहेर. माप घेतलं तर साडेदहा. मी एसआयला तेलुगूत म्हणाले, "सर, मापानं हा सगळ्यांत जवळ आहे. बसवायचं का जीपमध्ये?" त्यावर एसआयसुद्धा हसला. तो पोलीस तेवढा हसला नाही. मला त्याचं तोंड बघून जरा वाईट वाटलं, पण म्हटलं, असू दे, एक मिनिटभर कळू दे कसं वाटतं ते.

मग मी माग पुढं नेला. सपाट तळव्याची पावलं दांडावरून धुऱ्यावर, धुऱ्यावरून पाणंदीत, आणि पाणंद डांबरी रस्त्याला मिळते तिथं संपली. तिथं तीनचाकी मालगाडीची चाकं वळल्याची खूण होती आणि धुळीत ऑइलचे तीन थेंब. बेड्यावर तीनचाकी नाही. गावात कुणाकुणाकडे आहे ते तिथं जमलेल्या सगळ्यांना माहीत होतं. मलाही माहीत होतं. त्यातल्या एकाचे तळवे सपाट आहेत हेही मला माहीत होतं, कारण तो माझा विद्यार्थी होता आणि कवायतीत त्याचे पाय दुखायचे. एसआय माझ्याकडे बघत होता. सगळे माझ्याकडे बघत होते.

"मग कुणाचा आहे मॅडम? सांगा की."

बा, मी थांबले. मला वाटलं होतं मी असल्या वेळी कधीच थांबणार नाही. मी म्हणाले, "कुणाचा नाही ते मी दाखवलं. कुणाचा ते शोधणं तुमचं काम आहे. पुरावा गोळा करा, विचारा, कागद करा. इथून कुणीतरी गेलं एवढंच माती सांगते. एवढ्यावर कुणालाच उचलू नका, माझ्या भावाला नाही आणि दुसऱ्या कुणालाही नाही." बोलताना आवाज जरासुद्धा हलला नाही. तुझंच वाक्य मी तेलुगूत बोलत होते हे मला अर्ध्यात आल्यावर कळलं. आणि मी भ्यालेही नव्हते, म्हणजे तुझ्या उत्तरातला पहिला भाग एकटासुद्धा उभा राहू शकतो. तुझ्यावर चाळीस वर्षं धरलेला राग मी त्या डांबरी रस्त्याच्या कडेला सोडला. तू ऐकायला नव्हतास याचं मला फार वाईट वाटलं.

एसआयनं ठाण्यात फोन केला. पाचांना सोडायला सांगितलं. त्यांचे फोटो मोबाइलमधून काढून टाका, असं मी म्हटलं, तर ते माझ्या हातात नाही म्हणाला. ते भांडण बाकी आहे, वरपर्यंत अर्ज टाकला आहे, आणि माझी चिकाटी तुला माहीत आहे. पण पंचनाम्यात पावलाचं माप मी लिहायला लावलं, इंचात आणि सेंटिमीटरमध्ये. खाली पंच म्हणून सही कोण करणार, असा प्रश्न आला तेव्हा वावरवालाच पुढं झाला आणि म्हणाला, "बाईंची घ्या न." ठाण्याच्या कागदांवर तुझे अंगठे किती असतील कोण जाणे, सगळे एकाच बाजूचे, आरोपीच्या. त्या दिवशी आपल्या घरातली सही पंचांच्या रकान्यात पडली. मी ती सावकाश केली, पूर्ण आडनावासकट.

दुपारी धाकटा घरी आला. त्याला मारलं नव्हतं, नुसतं बसवून ठेवलं होतं. त्यानं आधी सकाळचा तो कप शोधला. भावजयीनं तो घासून पालथा घातला होता. त्यातच तिनं त्याला चहा दिला आणि बेड्यावरच्या बायांना दहा वेळा तीच गोष्ट सांगितली, ताईनं कसं सगळ्याईले चिखलात उतरवलं. धाकटा फारसं बोलत नाही, तू त्याला ओळखतोसच. चहा संपल्यावर तो अंगणात गेला, त्याच्या पावलाशेजारी पट्टीची सरळ रेघ अजून उठलेली होती, ती त्यानं बघितली.

"ताई," तो म्हणाला, "तू आंधीच येऊन माहा पाय मोजून नेला. मले सोडवाले. असं कोनाले सुचलं नसतं."

बायांनीही माना हलवल्या. मी म्हणाले, "गणिताची मास्तरीण हाय मी." सगळे हसले, मीही हसले, आणि संध्याकाळच्या बसनं घरी आले. शाळेत दुसऱ्या दिवशी टाळ्या झाल्या. हेडमास्तरांनी पोरांना गोष्ट सांगितली, त्यात मापं आधीच घेऊन जाण्याच्या माझ्या हुशारीवर विशेष भर होता.

तसं नव्हतं, बा. बसमध्ये तो फोटो मोठा करून बघितला तेव्हा मला करंगळी दिसली आणि वाटलं, हा धाकट्याचाच असेल तर? फोटोत माप नव्हतं, पण पावलाशेजारी बाभळीचं पान पडलेलं होतं, त्यावरून मी अंदाज केला, साडेदहा-अकराच्या आसपास. धाकट्याचं पाऊल केवढं आहे हे मला आठवेना. ज्याला मी कडेवर घेऊन वाढवलं, त्याचं पाऊल. अंगणात मी पट्टी ठेवली, पहिला फोटो हलला, दुसरा घ्यावा लागला. साडेनऊ दिसलं आणि मी तिथंच अंगणात खाली बसले. भावजयीला वाटलं मला चक्कर आली, ती पाणी घेऊन धावली. बाकी चौघांच्या दारांत मी गेले ते त्यानंतर, पाणी प्यायल्यावर. अकरा आलं असतं तर मी वावरात गेले असते का, हे मी रोज स्वतःला विचारते आणि उत्तर येईपर्यंत थांबून राहते, तू थांबायचास तशी. अजून आलेलं नाही.

पुरावा घ्यायला गेले नव्हते मी. बघायला गेले होते. पोलिसांनी धाकट्याला नेलं ते बेड्यावरचा म्हणून, आणि मीसुद्धा तेच केलं, करंगळी बघून. लहानपणी मी आपलं दप्तर टेबलावर रिकामं करायचे, त्या दिवशी भावाचं केलं.

हा कागद फूटपट्टीबरोबर कपाटात ठेवते, कुलपात. तुला वाचता येत नव्हतं, म्हणून तुला लिहिलं. धाकट्याला वाचता येतं.